दोन गाद्यांमधली फट

लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेल्या वस्तूंची यादी केली तर त्यात फ्रिज असतो, वॉशिंग मशीन असतं, टीव्ही असतो. रिव्ह्यू वाचायचे, सेलची वाट बघायची, ईएमआय झेपतो का बघायचा, झालं काम. फ्रिज विकणारा कधी विचारत नाही की तुम्ही दोघं फ्रिज कसा उघडता. गादीचं तसं नाही. गादीच्या दुकानात पाचव्या मिनिटाला एक अनोळखी माणूस तुमचं वजन विचारतो, दहाव्या मिनिटाला तुम्हाला नवऱ्याशेजारी आडवं व्हायला सांगतो आणि पंधराव्या मिनिटाला म्हणतो, "मॅडम, कुशीवर झोपता की पाठीवर?" हे मला माझ्या आईनेही कधी विचारलेलं नाही.

आम्ही दोघंही पुण्यात आयटीत. मी यवतमाळची, नवरा साताऱ्याचा. घरात गादीचा विषय निघाला की त्याचा एक ठरलेला विनोद असतो, "आमच्याकडे गादी म्हटली की एकच, छत्रपतींची." लग्नाला अडीच वर्षं झाली होती आणि आम्ही झोपत होतो ती गादी मात्र त्याच्या बॅचलर फ्लॅटमधून आलेली होती. ७२ बाय ४८ इंच, चार इंच जाड, क्वायरची. क्वायर म्हणजे नारळाचा काथ्या. त्यावर रबराचा चीक मारून, थर दाबून ही गादी करतात. नवी असताना ती फळीसारखी कडक असते, आणि जुनी झाली की आतला काथ्या तुटायला लागतो आणि चादर झटकताना तपकिरी भुसा पडतो. आमची भुसा पडण्याच्या टप्प्यावर होती. तिच्यावर आधी जे मित्र झोपून गेले त्यातले दोघं आता अमेरिकेत आहेत.

घरमालकांनी फ्लॅटसोबत दिलेला पलंग होता ७८ बाय ७२ चा. त्यावर ही ४८ इंची गादी. उरलेल्या दोन फुटांच्या फळीवर लॅपटॉप, चार्जर आणि वाळलेले कपडे राहायचे. हिशोब केला तर माणशी दोन फूट रुंदी येत होती. कपड्यांनाही तेवढीच.

आता जे सांगायचंय ते सांगते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी बऱ्याचदा हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होते.

सुरुवात अगदी साधी होती. माझी दर चौथ्या आठवड्याला ऑन-कॉल ड्युटी असते. रात्री दोन-अडीचला फोन वाजतो, कुठलातरी सर्व्हर बसलेला असतो, लॅपटॉप उघडून तो उठवायचा असतो. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून त्या आठवड्यात मी पांघरूण घेऊन हॉलमध्ये जायचे. तिथे माझ्या लक्षात आलं की फोन वाजला नाही तर मला सोफ्यावर सलग सहा तास झोप लागते. आत तशी लागत नव्हती. ८६ किलोचा माणूस त्या गादीवर कुशीवर वळला की ५१ किलोची मी त्याच्या दिशेने घरंगळायचे. जाग यायची, मी परत कडेला सरकायचे, मग तासाभराने पुन्हा तेच. हळूहळू ऑन-कॉल नसलेल्या आठवड्यातही मी बाहेर जाऊ लागले. आधी एखाद्या रात्री, मग आठवड्यातल्या चार-पाच रात्री.

यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नव्हतो. तो "गुड नाइट" म्हणायचा, मी "जरा एपिसोड संपवून येते" म्हणायचे. सकाळी सव्वासातला मी पांघरुणाची घडी करून ती सोफ्याच्या खालच्या कप्प्यात टाकायचे, कारण साडेसातला कामाच्या मावशी येतात. ऑन-कॉल असताना सांगायला कारण होतं. बाकीच्या दिवसांना नव्हतं. पुण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला कोणाचं नाव माहीत नसतं, पण मावशी सहा घरी जातात.

तर गादी घ्यायची ठरली ती भुसा पडतो म्हणून. दोन रविवार, चार दुकानं.

दुकानातल्या गाद्यांवर पायाशी एक प्लॅस्टिकची पट्टी असते, बूट घालूनच झोपता यावं म्हणून. आम्ही दोघं त्यावर पाठीवर पडलो, हात पोटावर, नजर छताकडे. कोणी येऊन हार घातला असता तरी वावगं वाटलं नसतं. विक्रेता शेजारी उभा राहून माहिती सांगत होता. एका दुकानात त्याने गादीवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि दुसऱ्या कडेला स्वतः बसला-उठला. ग्लास हलला नाही. याला पॉकेट स्प्रिंग म्हणतात. प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते, त्यामुळे एक दबली की शेजारची ओढली जात नाही. जुन्या बॉनेल प्रकारात सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, एक दबली की सगळी आळी जागी होते. पिशवीतल्या स्प्रिंगेची कल्पना १९०० च्या सुमाराची, कॅनडातल्या जेम्स मार्शल यांची. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, डीकपलिंग. शंभर वर्षांपूर्वी गादीवाल्यांना कळलं होतं."

मग मेमरी फोम. त्याच्या पाटीवर हमखास रॉकेटचं चित्र असतं. अंतराळवीर त्यावर झोपत होते असं वाटावं म्हणून. खरी गोष्ट अशी की १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट या इंजिनियरने नासाच्या एका प्रकल्पात विमानातल्या आसनांसाठी हा फोम तयार केला. धक्का बसला तर तो सोसता यावा, एवढाच उद्देश. हा फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि हळूहळू शरीराचा आकार घेतो. त्यामुळे धक्का पोचत नाही, पण उष्णताही धरून ठेवतो. यवतमाळचा मे महिना बघितलेल्या मुलीला हे ऐकूनच घाम फुटला.

तिसरं, डेन्सिटी. '४० डेन्सिटी फोम' असं ऐकलं की आपल्याला वाटतं कडक असणार. तसं नसतं. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. त्याचा संबंध टिकाऊपणाशी जास्त आहे. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. याचा एक फायदा मात्र आहे, दुकानदाराचा दावा घरबसल्या तपासता येतो. ७८ बाय ७२ इंचाची सहा इंच जाड गादी म्हणजे साधारण ०.५५ घनमीटर. ती सगळीच्या सगळी ४० डेन्सिटीची असेल तर फोमचं वजन २२ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. बॉक्सवर चौदा किलो लिहिलेलं असेल तर चाळीसचा थर वर पापुद्र्याएवढा आहे आणि खाली दुसरंच काही आहे. हा भागाकार मी एका दुकानात फोनवर करून दाखवला तेव्हा विक्रेत्याने मला पाणी विचारलं.

चौथ्या दुकानातला विक्रेता पन्नाशीचा होता, घाई न करणारा. त्याने आम्हाला आडवं केलं नाही. आधी खुर्चीवर बसवलं, वही काढली आणि विचारलं, "सर, सध्या कशावर झोपता?"

"क्वायर," नवरा म्हणाला. "चार इंची."

"आणि मॅडम, तुम्ही?"

हा प्रश्न त्याने सवयीने विचारला असणार. उत्तर एकच असतं ना. माझ्या तोंडून निघून गेलं, "सोफ्यावर."

दुकानात एसीचा आवाज येत होता. नवरा समोरच्या उशांच्या रॅककडे बघत होता. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. विक्रेत्याने आमच्या दोघांकडे एकदा बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "म्हणजे मॅडमना मऊची सवय आहे. सरांना कडकची." जणू मी ब्रँड सांगितला होता. त्या माणसाचे मी मनातल्या मनात फार आभार मानले.

त्या दिवशी काही न घेताच बाहेर पडलो आणि शेजारच्या अमृततुल्यमध्ये जाऊन उभे राहिलो. अर्धा चहा संपल्यावर नवरा म्हणाला, "मला वाटायचं तुला माझ्याजवळ झोपायचं नसतं."

"झोपायचं असतं. झोप लागत नाही."

"हे दोन वेगळे आहेत का?"

"खूप वेगळे आहेत अरे."

मग तो म्हणाला की तो रात्री पाणी प्यायला उठला की हॉलमध्ये डोकवायचा. "तू इतकी गाढ झोपलेली असायचीस, उठवावंसं वाटायचं नाही. आणि वाईटही वाटायचं. म्हणजे इथे हिला झोप लागते, आत नाही लागत."

अडीच वर्षं एका घरात राहून आम्ही पगार, दोघांच्या घरी किती पैसे पाठवायचे, मूल कधी, यावर सगळं बोललो होतो. हे बोललो नव्हतो. 'तुझ्या शेजारी मला झोप लागत नाही' हे वाक्य उच्चारलं की ते आपोआप 'मला तू नकोस' असं ऐकू येतं, अशी आम्हा दोघांनाही भीती होती. मराठीत तर 'झोपणं' या क्रियापदावरच इतकं ओझं आहे की साध्या झोपेबद्दल बोलायलाही माणूस कचरतो.

घरी येऊन दोन इंजिनियर जे करतात ते केलं. स्प्रेडशीट उघडली. तो : ८६ किलो, पाठीवर, गरम होतं, पंखा पाचवर, कडक आवडतं. मी : ५१ किलो, डाव्या कुशीवर, थंडी वाजते, पंखा दोनवर, मऊ आवडतं. एकाही रकान्यात जुळलं नाही. पत्रिकेत छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले होते. त्यात हे रकाने नसतात.

आधी वाटलं, मधला मार्ग काढू. 'मीडियम फर्म' घेऊ. तेव्हा एक अभ्यास वाचनात आला. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, स्पेनमधला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागून काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नाही. तीन महिन्यांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं दिसलं. 'पाठीला कडकच पाहिजे, खाली फळी टाकून झोप' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य या अभ्यासापुढे फारसं टिकत नाही. नवऱ्याने ते वाचून तोंड वाकडं केलं, कारण ते वाक्य त्याच्या बाबांचं आहे.

पण मध्यम म्हणजे कोणाचं मध्यम? गादी किती दबते हे अंगावरच्या वजनावर ठरतं. एकच गादी ८६ किलोला मऊ वाटते आणि ५१ किलोला कडक. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर थोडी आत जावी लागते, नाहीतर मणका वाकतो. पाठीवर झोपणाऱ्याची कंबर फार आत गेली तर त्याचं दुखतं. म्हणजे आमच्या दोघांच्या मधोमध जी गादी होती ती त्याला खोलगट वाटणार आणि मला फरशी. दोघांच्या मागण्यांची सरासरी काढली की दोघांनाही नको असलेली गोष्ट मिळते. प्रॉडक्ट मीटिंगमध्ये बसलेल्या कोणालाही हे नवीन नाही.

"मग दोन घेऊ," मी म्हटलं.

"दोन गाद्या?"

"पलंग ७२ रुंद आहे. ३६-३६ च्या दोन बसतात. तुझी कडक, माझी मऊ."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई येईल तेव्हा काय सांगायचं?"

हीच खरी अडचण होती. पैसे तेवढेच लागणार होते, जागा तेवढीच, पलंग तोच. फक्त दोन गाद्या म्हटलं की काहीतरी तुटलंय असं वाटतं. इंग्रजीत तर वेगळं झोपण्याला 'स्लीप डिव्होर्स' असं नाव देऊन ठेवलंय. नावातच काडीमोड. आणि करतात मात्र पुष्कळ जण. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी सांगितलं की जोडीदाराची सोय म्हणून ते अधूनमधून किंवा नेहमीच दुसऱ्या खोलीत झोपतात.

त्या आठवड्यात मी आजीला फोन केला. आजी यवतमाळजवळच्या गावात राहते, कापसाच्या पट्ट्यात. लहानपणी तिच्याकडे पिंजारी यायचा. धनुष्यासारखं पिंजण घेऊन ओसरीत बसायचा, तारेचा टणत्कार सकाळपासून चालायचा आणि कापूस इतका फुगायचा की दाबून बसलेल्या दोन गाद्यांचा डोंगर व्हायचा. पांढरी धूळ सगळ्यांच्या भुवयांवर. मग नवी खोळ शिवायची, कापूस भरायचा, वरून काठीने बडवून सारखा करायचा, सुईने टाके घालायचे. तीन-चार वर्षांनी कापूस पुन्हा लादीसारखा बसला की तीच गादी उसवून परत पिंजायची. उशीत सावरीचा कापूस. उन्हाळ्यात गाद्यांना ऊन दाखवायचं. आमच्या फोमच्या गादीसोबत दहा वर्षांची वॉरंटी येते, पण ती उसवून दुरुस्त करता येत नाही. जुन्या शहरांत अजून 'गादी कारखाना' अशा पाट्या दिसतात, त्यात आता बहुतेक ठिकाणी पिंजायचं मशीन असतं.

त्या घरात गाद्यांचा ढीग माजघराच्या कोपऱ्यात असायचा, वर चादर टाकलेली. रात्री जेवणं झाली की अंथरुणं घालायची, सकाळी काढायची. कुठलीच गादी कोणाची नव्हती. जो जिथे पडेल ती त्याची. आणि सगळ्या एकट्या माणसाच्या रुंदीच्या. दोघांची गादी मी त्या घरात पाहिलेलीच नाही.

मी आजीला सरळ विचारलं, "आजी, तू आणि आजोबा कुठे झोपायचे?"

ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. "ते बाहीर बाजेवर अन् मी पोरायले घेऊन आत. दोघाईची गादी कुठं होती वं?" मग गादीची किंमत ऐकून म्हणाली, "काहून, झोपाले येवढे पैसे लागते का?"

म्हणजे जी परंपरा मोडायला आम्ही घाबरत होतो ती परंपरा फार तर आमच्या आईवडिलांइतकी जुनी. फ्लॅट आले, बेडरूम नावाची खोली आली, लग्नात मुलीकडून कपाट आणि डबलबेड यायला लागला, आणि एका गादीवर दोघं हे संसाराचं चित्र ठरून गेलं. मी आजीच्या काळाचे गोडवे गात नाही. त्या वेगळ्या गाद्या कोणी निवडलेल्या नव्हत्या. आजीला नवऱ्याशी दोन शब्द एकांतात बोलायलाही घर रिकामं व्हायची वाट बघावी लागायची. तिला विचारलं असतं तर तिने कदाचित डबलबेड मागितला असता. निवड ना तिला होती, ना नंतरच्या डबलबेडवाल्यांना. तेही जे घरात आलं त्यावर झोपले.

आमची एक टीम जर्मनीत बसते. तिथल्या एका सहकाऱ्याला सहज विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. त्यांच्याकडे डबलबेडवर दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं हीच सर्रास पद्धत आहे. दोन गाद्यांमधल्या फटीला त्यांच्या भाषेत एक शब्दसुद्धा आहे, 'बेझूखरित्से'. शब्दशः अर्थ पाहुण्यांची फट. पाहुणा आला तर त्याला मधे झोपवायचं, असा विनोद. ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते तिच्यावर दुसरीकडे कोणीतरी विनोद करून मोकळं झालेलं असतं.

शेवटी त्या चौथ्या दुकानातच गेलो. त्या वहीवाल्याकडे. आम्ही दोन म्हटल्यावर तो म्हणाला, "करतात बरेच जण, सांगत नाहीत." त्याने एकच गोष्ट बजावली : दोन्हींची जाडी सारखी घ्या, नाहीतर मधे पायरी होते. नवऱ्यासाठी हाय रेझिलिअन्स फोमची कडक, माझ्यासाठी वर लॅटेक्सचा थर असलेली मऊ. दोन्ही सहा इंची. दोन्ही मिळून ₹३१,०००. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आयुष्यात पहिल्यांदा जशीच्या तशी लागू पडली. फटीवर टाकायला फोमची एक पट्टी मिळते, ती घेतली आणि महिन्याभरात काढून टाकली. गरज वाटली नाही. चादर एकच आहे, पांघरुणं दोन. पंखा तीनवर. तेवढी एक तडजोड राहिली.

पहिल्या रात्री मी जागी राहून वाट बघत होते. तो वळला. माझ्या बाजूला काहीही झालं नाही. मला गंमत वाटली, थोडं एकटंही वाटलं, तेवढ्यात झोप लागली. सोफा त्या आठवड्यात सुटला नाही, सवय होती. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी सुटला. एका गोष्टीत मात्र आमचा अंदाज पार चुकीचा ठरला, ती म्हणजे आम्ही लांब जाऊ. झोप झालेली दोन माणसं सकाळी एकमेकांशी जास्त बरी वागतात. शनिवारी सकाळी तो फट ओलांडून माझ्या बाजूला येतो, माझी गादी त्याच्या वजनाने खड्ड्यात जाते, आणि आम्ही नऊपर्यंत तसेच बडबडत पडून राहतो.

दिवाळीनंतर सासूबाई आल्या पंधरा दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना त्यांनी चादर बदलायला घेतली. मीटिंग संपवून आत गेले तर त्या पलंगापाशी उभ्या होत्या.

"दोन आहेत होय गं?"

मी सगळं सांगितलं. वजन, कूस, घरंगळणं. सोफ्याचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या, एक हात माझ्या गादीवर दाबून मग त्याच्या. मला वाटलं आता विचारतील, सगळं ठीक आहे ना तुमचं?

त्या म्हणाल्या, "मी पहाटे चारला उठायचे, आठवतंय ना तुला? पाणी भरायला."

"हो आई. तुम्ही अजूनही उठता."

"पाणी साडेपाचला यायचं."

मी बघत राहिले.

"ह्यांचं घोरणं," त्या म्हणाल्या. "देवघरात सतरंजी टाकून पडायचे. चार ते साडेपाच. तेवढीच माझी झोप. घरात कळलं तर काय म्हणतील म्हणून पाण्याचं सांगायचे." मग चादरीचं टोक माझ्याकडे फेकून, "धर तिकडून. आणि एकटीला केवढ्याला पडली ही तुझी?"

मी किंमत सांगितली. घोरणं इतकं जोरात असेल तर डॉक्टरांनाही दाखवलं पाहिजे, झोपेत श्वास अडकत असेल, तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही गोष्टींवर "बघू" म्हटलं. साताऱ्यात 'बघू'चा अर्थ लागायला वेळ लागतो. पण सासरे आता साताऱ्यातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन आलेत आणि त्यांना झोपेची तपासणी करायला सांगितलीय. गादीचं अजून चाललंय.

तुम्ही गादी बघायला निघाला असाल तर थोडं ऐका. पलंग आतून मोजून जा. ७२, ७५ आणि ७८ या तिन्ही लांबींच्या गाद्या मिळतात आणि तीन इंचांनी घोळ होतो. 'ऑर्थो' लिहिलेलं दिसलं तर त्यात नक्की काय मोजलंय ते विचारा, मला चारही दुकानांत उत्तर मिळालं नाही. ऑनलाइन घेत असाल तर शंभर रात्रींची ट्रायल पुष्कळ जण देतात, ती परत करायच्या अटी नीट वाचा. वेकफिट या बंगळुरूच्या कंपनीने तर २०१९ मध्ये शंभर रात्री नऊ-नऊ तास झोपण्याचे एक लाख रुपये देणारी इंटर्नशिप जाहीर केली होती, तेव्हा झोप ही किमतीची गोष्ट आहे एवढं तरी मान्य करा. दुकानात पाच मिनिटं पाठीवर पडू नका, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर दहा मिनिटं पडा. लाज वाटते, पण विक्रेत्यांनी सगळं पाहिलेलं असतं.

आणि निघायच्या आधी, घरीच, एकमेकांना विचारून घ्या : माझ्या शेजारी तुला झोप लागते का? उत्तर 'नाही' आलं तरी ते गादीबद्दल असू शकतं. दुकानात जाऊन कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. तिथे एसीचा आवाज फार मोठा येतो.